तीन नंबरचा खोका

मे महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी गुणवंतराव ठेंगरी यांनी फक्त एक फोटो काढायचं ठरवलं होतं. त्यापुढे जे झालं त्यात त्यांचा दोष किती आणि कोंबडीचा किती, यावर ब्रह्मपुरीच्या आरमोरी रोडवर अजून दोन मतं आहेत.

फोटो काढायचा होता सहा संगणकांचा. गुणवंतरावांनी गावात कॉम्प्युटरचा क्लास काढला तेव्हा हे सहा जण नवेकोरे आले होते. प्रत्येकाच्या कपाळावर त्यांनी स्वतः ऑइलपेंटने एक ते सहा आकडे घातले होते. क्लास बंद पडून चौदा वर्षं झाली, पण सहाही जण बाजूच्या खोलीत टेबलांवर तसेच मांडलेले. रोज सकाळी गुणवंतराव त्यांना कोरड्या फडक्याने पुसत. दसऱ्याला हळदकुंकू लावून तेवढ्यापुरता एकेकाला चालू करत. कोणता किती सेकंदांत उठला याची नोंदवहीही होती. (चार नंबर २०१९ पासून उठलेला नाही. नोंदीत ‘विश्रांती’ असं लिहिलंय.)

इंदुताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ती खोली बियाण्याच्या पोत्यांसाठी हवी होती.

“रोयनी नक्षत्र लागाच्या आत खोली रिकामी पाह्यजे मले,” त्या म्हणाल्या. “धानाच्या बिजाईच्या चुंगड्या कुठी ठेवू? तुमच्या डोक्यावर?”

“मी विकून राह्यलो न.”

“चौदा वर्षांपासून विकूनच राह्यले तुमी. मी भंगारवाल्याले सांगून ठेवलं. किलोवर नेतो म्हने.”

किलोवर हा शब्द गुणवंतरावांच्या काळजाला लागला. ज्या यंत्राच्या खोलीत पोरांना चपला बाहेर काढून यावं लागे, ते यंत्र कांद्यासारखं काट्यावर चढणार. जुन्या संगणकांचे शौकीन असतात, ते मोठ्या मायेने असली यंत्रं विकत घेतात, असं त्यांनी मोबाईलवर वाचलं होतं. तेव्हा त्यांनी फोटो काढला, आणि जाहिरातीत साडेतीनशे शब्दांचं वर्णन लिहून तो टाकला.

पहिला फोन तासाभरात आला.

“काका, यात सोनं असते म्हने न? किती ग्राम निघते?”

गुणवंतरावांनी फोन ठेवला. दुसरा आला.

“चालते का जी?”

“चालतो.”

“मंग काऊन विकता?”

गुणवंतरावांनी हाही फोन ठेवला. तिसरा फोन मात्र चंदन नावाच्या माणसाचा होता. हा ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, क्वार्टरमध्ये लहानाचा मोठा झालेला, आता पुण्यात मोठ्या नोकरीवर, आणि सध्या सुटीत बायकोच्या माहेरी नागपूरला आलेला. त्याचा आवाज आजारी माणसाची चौकशी करावी तसा हळू होता.

“काका, पुसले नाहीत ना?”

“आज पुसले. उद्याही पुसतो, काळजी करू नका.”

“नको, नको. हात लावू नका. धूळ ओरिजिनल आहे ती.”

त्या दिवसापासून गुणवंतरावांनी फडकं बाजूला ठेवलं. मे महिन्यात ब्रह्मपुरीत धुळीला बोलवायला जावं लागत नाही, त्यामुळे गुरुवार संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी ओरिजिनल धूळ जमली.

“आणि काका, खोका आहे का?” चंदनने त्याच फोनवर विचारलं. “ज्या खोक्यातून मशीन आलं तो. थर्माकोलसकट. मशीनवरचा सिरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळला पाहिजे. तसं असेल तर ते एक मशीन मी घेतो, आणि बाकीची पाच आमच्या ग्रुपमध्ये जातील. माझा शब्द.”

गुणवंतरावांनी नोंदवही उघडली. खोके सहा. पैकी पाच वाळवीने खाल्ले, तारीख लिहिलेली होती. तीन नंबरचा खोका शिल्लक.

“आहे,” ते म्हणाले, आणि मग तो कुठे आहे ते बघायला उठले. माणसाने हे उलट क्रमाने करावं.

खोका मागच्या पडवीत होता. थर्माकोल जागच्या जागी होता. त्यावर तणीस अंथरलेली होती आणि तणशीवर इंदुताईंची कबरी कोंबडी डोळे अर्धे मिटून बसली होती.

“हे कधीपासून इथी?” गुणवंतरावांनी विचारलं.

“आज सोळावा दिवस. अकरा अंडी आहेत खाली. थर्माकोलनं गारवा राह्यते बरा.”

“उठव तिले.”

“उठव म्हन्ते. सोळाव्या दिवशी तुमाले कोनी उठवलं असतं तं?” इंदुताई म्हणाल्या. “एकवीस दिवस लागते. पाच दिवस दम धरा, मंग खोका घ्या, नाई तं त्यात तुमी बसा.”

गुणवंतरावांनी चंदनला फोन करून, मंगळवारी जमेल का, असं विचारलं. चंदन म्हणाला, सोमवारी पहाटे गाडीने पुण्याला निघायचंय, आलो तर रविवारी, नाहीतर मग बघू. ‘बघू’चा अर्थ गुणवंतरावांना माहीत होता. क्लासच्या काळात फी थकवलेली पोरं हाच शब्द वापरत.

हिशोब साधा होता. रविवारी विसावा दिवस येत होता. एका दिवसासाठी सहा यंत्रं काट्यावर जाणार होती.

शुक्रवारी इंदुताईंना बहिणीच्या मुलीच्या, साधनाच्या लग्नाला कुरखेड्याला जायचं होतं. कोंबडीपाशी कोणीतरी हवं म्हणून गुणवंतरावांनी मागे राहायची तयारी दाखवली. ती इतक्या उत्साहाने दाखवली की इंदुताई काळीपिवळीत एक पाय टाकून थांबल्या.

“पानी ठेवा. कनी टाका. खोक्याले हात लावू नोका. हात लावला तं मी तिकूनच भंगारवाल्याले फोन करीन.”

“मी काऊन हात लावीन?”

“तेच पाहून राह्यली मी,” असं म्हणून त्या गेल्या.

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गुणवंतरावांनी हात लावला. त्यांची योजना चांगली होती, त्यांच्या सगळ्या योजना कागदावर चांगल्या असत. एक बांबूची टोपली, त्यात तीच तणीस, त्याच क्रमाने तीच अकरा अंडी (त्यांनी पेनाने एक ते अकरा आकडे घातले होते), आणि त्यावर तीच कोंबडी. कोंबडीला फरक कळायचं काही कारण नव्हतं.

कोंबडीने त्यांना उजव्या हाताला दोनदा टोचलं, डाव्याला एकदा. टोपलीत ती चार मिनिटं बसली. मग उठली, गोठ्याच्या भिंतीवर गेली, तिथून त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि पलीकडे उतरली.

कुंपणापलीकडून शेजारच्या रुखमाबाईंचं डोकं वर आलं. आळीतल्या सगळ्या कोंबड्यांच्या त्या जाणकार.

“गुणवंतभाऊ, खुडूक कोंबडी हालवली का जी?”

“थोडीशी.”

“थोडीशी नसते भाऊ. हालवली तं हालवली. आता ते काई बसत नाई, रागावली ते.”

“मग अंड्यांचं?”

“ऊब पाह्यजे. नाई तं गेली,” रुखमाबाई म्हणाल्या. “इंदूले काय सांगान?”

या प्रश्नाने गुणवंतरावांच्या अंगात जी हुशारी संचारली ती एरवी त्यांच्यात दिसत नाही. ऊब. एकसारखी, मंद, न थांबणारी ऊब. अशी ऊब देणारी वस्तू घरात होती. क्लास चालू असताना तीन नंबरच्या मॉनिटरवर शेजारची मांजर दिवसभर पसरलेली असे, ती उगाच नव्हे.

सहा पन्नासला तीन नंबर चालू झाला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मागचा पंखा घरघरला आणि मॉनिटरचं डोकं हळूहळू तापायला लागलं. गुणवंतरावांनी त्यावर टोपली ठेवली, टोपलीवर इंदुताईंचं जुनं लुगडं पांघरलं, आणि तापमान मोजायला घरातला तापाचा थर्मामीटर आणला. अंड्याला काख नसते, ही अडचण तेव्हा लक्षात आली. शेवटी तो सात आणि आठ नंबरच्या अंड्यांमध्ये खुपसला.

नोंदवहीत नवं पान आखलं गेलं. वेळ, तापमान, शेरा.

पण मे महिन्यातली ब्रह्मपुरी काय चीज आहे, हे या पानात धरलेलं नव्हतं. इथे दुपारी अंडं गरम ठेवायची चिंता नसते, ते शिजू नये ही असते. एक वाजता थर्मामीटर बोंबलायला लागला. गुणवंतरावांनी बैठकीतला कूलर ओढत आणून अंड्यांसमोर लावला. अंडी गार पडली. कूलर मागे ओढला. पुन्हा तापली. पाच वाजेपर्यंत त्यांनी तो कूलर त्या खोलीत इतका फिरवला की पुढच्या वर्षी चाकं बदलावी लागली. मधेमधे ते सगळी अंडी फिरवत होते. तेवढ्यात रुखमाबाई बघायला आल्या.

“फिरवू नोका जी आता, पिल्लू तोंड लावून बसलं असते,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी चमकणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. “टीव्ही काऊन लावला अंड्यांले?”

“टीव्ही नाही तो. संगणक आहे.”

“काई दाखवून नाई राह्यला तो.”

“त्याला दाखवायला नाही लावला.”

“असू द्या,” रुखमाबाई म्हणाल्या. “माह्या घरचाई असाच झाला होता.”

मधल्या वेळात गुणवंतरावांनी खोका साफ केला. कोंबडीची घाण ओरिजिनल धरायची की नंतरची, याबद्दल चंदनने काही सूचना दिली नव्हती. दात घासायच्या ब्रशने त्यांनी ती काढली, धूळ तेवढी ठेवली. थर्माकोल मात्र एका कोपऱ्याला कबरीने टोचून टोचून खाल्ला होता. त्याला इलाज नव्हता.

रविवारी अकराला मोठी पांढरी गाडी दारात थांबली. चंदन उतरला. मागून त्याची बायको करिश्मा उतरली. तिला आज कुठे जायचंय हे नागपूर सोडल्यावर सांगितलेलं असावं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

चंदन आत आला तो चपला बाहेर काढूनच. गुणवंतरावांना भरून आलं.

त्याने आधी खोका बघितला. मशीनकडे गेलाच नाही. गुडघ्यांवर बसून त्याने खोक्यावरचा नंबर वाचला, गुणवंतरावांनी वहीतून मशीनचा वाचला. बारा आकडे, बाराही जुळले. चंदनने चष्मा काढून डोळे पुसले.

“थर्माकोलला इथे काय झालंय?”

“ते… वापरात होतं.”

“असू दे. हा त्याचा इतिहास आहे,” चंदन म्हणाला आणि त्याने खोक्यात डोकं घालून एक लांब श्वास घेतला. “हा वास, काका. बाबांनी पहिला कॉम्प्युटर घरी आणला ना, तेव्हा हाच वास होता.”

तो वास कोणाचा होता हे गुणवंतरावांना माहीत होतं. पण गिऱ्हाईक डोळे मिटून बसलं होतं.

मग चंदन तीन नंबरसमोर आला.

“चालू ठेवलाय?”

“कालपासून. सलग,” गुणवंतराव म्हणाले. हे खरं होतं.

“वर काय आहे?”

“लुगडं.” हेही खरं होतं.

चंदन पडद्यासमोर हात जोडल्यासारखा उभा राहिला. आतून बारीक चिवचिव आली. पुन्हा आली.

“हा आवाज?”

“हार्ड डिस्क,” गुणवंतराव म्हणाले. हे मात्र खरं नव्हतं.

“अहाहा. हल्लीच्या मशीनना आवाजच नाहीत हो काका. जीवच नाही त्यांच्यात.”

करिश्मा इतका वेळ दाराला टेकून मोबाईल बघत होती. ती पुढे आली, लुगड्याचं टोक उचललं, आत बघितलं.

“चंदन,” ती म्हणाली, “हार्ड डिस्कला चोच आहे.”

चार नंबरच्या अंड्यातून एक ओलं डोकं बाहेर आलं होतं. सहा आणि नऊ नंबरला तडे गेले होते. चंदन काही बोलणार एवढ्यात बाहेर काळीपिवळी थांबल्याचा आवाज आला. इंदुताई सोमवारी येणार होत्या. पण लग्नात रुखमाबाईंच्या जावेने त्यांना सहज विचारलं होतं, काऊन वो, तुझी कबरी मोकळी फिरून राह्यली म्हने.

इंदुताई अंगणातून आल्या, कबरीला कुंपणाजवळ उकरताना बघून आल्या. खोलीत त्यांनी आधी टोपली बघितली, मग नवऱ्याच्या हातावरचे तीन टोचे बघितले. सगळं त्यातच कळलं.

“हात लावला,” त्या म्हणाल्या.

“लावला,” गुणवंतराव म्हणाले.

त्या अंडी मोजत असताना चंदनने घसा साफ केला. “ताई, मी हे मशीन घेतलंय. पिल्लं तेवढी दुसरीकडे ठेवा, मी बंद करून…” आणि त्याने बटणाकडे हात नेला.

“हात काढा,” इंदुताई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण चंदनचा हात आपोआप खिशात गेला.

“बंद नाई होत ते. दहा निघाची आहेत अजून.”

“कधी निघतील?”

“परवापर्यंत.”

“पण मला उद्या पहाटे निघायचंय.”

“जा न मंग. कोनं धरलं तुमाले?”

गुणवंतरावांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. खोका रिकामा करायला त्यांनी कोंबडी उठवली होती. कोंबडी उठवल्यामुळे आता मशीन अडकलं होतं. योजनेत हा रकाना राहूनच गेला होता.

“ताई,” करिश्माने विचारलं, “दोन दिवस नक्की बंद नाही ना करणार?”

“माह्या जिवात जीव आहे तोवर नाई.”

करिश्मा पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. “जरा पाणी मिळेल का? आमच्याकडे अकरा आहेत हो असले. एक अख्खी बेडरूम. माझी आई आली की हॉलमध्ये झोपते. त्या खोलीत तिला शिंकू देत नाही हा, धूळ उडते म्हणून.”

इंदुताईंनी तिच्याकडे जरा नीट बघितलं. “तुमच्या घरीबी?” म्हणाल्या, आणि पाण्याऐवजी चहाच टाकायला गेल्या.

चंदन बराच वेळ खोक्याभोवती फिरला. शेवटी म्हणाला, “काका, हेच मॉडेल माझ्याकडे घरी आहे. त्याला फक्त खोका नाही. खोका तेवढा नेतो.”

“पण नंबर जुळणार नाही,” गुणवंतराव म्हणाले. व्यवहार मोडला तरी नोंद चुकू नये असा त्यांचा स्वभाव.

“तेच म्हणतोय. मशीनवरचा सिरियलचा स्टिकर तुम्हाला काही लागतो का?”

उत्तराची वाट न बघता त्याने करिश्माच्या बॅगेतून केस वाळवायचं यंत्र काढलं. तीन नंबरच्या पाठीवर गरम हवा मारून पाच मिनिटांत त्याने स्टिकर अलगद सोडवला. धुळीला हात लावू नका म्हणणारा हाच माणूस.

“हे खोटं होईल,” गुणवंतराव म्हणाले.

“खोटं काय त्यात? खोका ओरिजिनल, स्टिकर ओरिजिनल, माझं मशीनही ओरिजिनल. फक्त एकमेकांचे नाहीत.”

“खोक्याची घडी होते,” करिश्मा खुर्चीवरून म्हणाली.

चंदनने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने पोराची घडी करायला सांगितली होती. खोका मागच्या सीटवर बसला, त्याला पट्टा लावला गेला, आणि करिश्माची बॅग करिश्माच्या मांडीवर आली. जाताना चंदनने उरलेल्या पाच मशीनचे फोटो काढून तिथल्या तिथे ग्रुपवर टाकले.

ग्रुपचा प्रतिसाद मोठा होता. तो चंदन गुणवंतरावांना पाठवत राहिला. चौदा लाल बदाम आले. एकाने लिहिलं, डोळे पाणावले. एकाने लिहिलं, असल्याच मशीनवर मी आयुष्यातलं पहिलं पत्र टाइप केलं. एकाने तर सव्वा पानभर आठवण लिहिली, त्यात फ्लॉपी होती, मैत्रीण होती, पावभाजी होती. घेतो असं कोणीच लिहिलं नाही.

शुक्रवारी भंगारवाला धम्मदीप काटा घेऊन आला. एक, दोन, चार, पाच, सहा. पाचांचं मिळून जे आलं ते चंदनने खोक्याला दिलेल्या पैशांच्या निम्मंही नव्हतं. धम्मदीपने तीन नंबरलाही हात घातला तेव्हा गुणवंतरावांनी मान फिरवली.

“तो राहू द्या,” इंदुताई म्हणाल्या.

गुणवंतरावांनी चमकून पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोने यंत्राची बाजू घेतल्याची ही पहिलीच वेळ होती.

“रुखमाबाईची पंधरा अंडी येऊन राह्यली सोमवारी,” इंदुताई म्हणाल्या. “पहिल्यांदा कामाचा निघाला.”

बाकीच्या खोलीत बिजाईच्या चुंगड्या लागल्या. तीन नंबर एका कोपऱ्यात, पाठीवरचा सिरियल नंबर गमावून, लुगडं पांघरून घरघरत राहिला.

अकरापैकी नऊ पिल्लं निघाली. कबरीने त्यांना ओळख दाखवली नाही. पिल्लांचंही तिच्यावाचून अडलं नाही. अंड्यातून डोकं काढल्यावर प्रत्येकाला पहिल्यांदा जे दिसलं होतं, ते म्हणजे थर्मामीटर घेऊन वाकलेले गुणवंतराव. त्यामुळे ते उठले की पिल्लं उठत, ते बसले की बसत. बँकेत पासबुक भरायला गेले तर अर्ध्या रस्त्यातून परत यावं लागलं.

एका संध्याकाळी ते बादली घेऊन नळावर निघाले. ओट्यावर इंदुताई आणि रुखमाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“भाऊच्या मांगं कशी रांगेत चालते जी,” रुखमाबाई म्हणाल्या.

“क्लास होता तवा कागदावर वीस नावं राहत, अन येत चार जन,” इंदुताई सुपातून नजर न काढता म्हणाल्या. “आता पाहा. नऊच्या नऊ हजर.”

नळाखाली बादली लावून गुणवंतरावांनी मागे वळून मोजलं. आठच होती. नववं त्यांच्या डाव्या चपलेवर बसून झोपी गेलं होतं, त्यामुळे बादली भरून वाहायला लागली तरी पुढची वीस मिनिटं ते नळावर तसेच उभे राहिले.